भाजीपाल्याच्या बियांची अदलाबदल करायचीय? पुडी बांधायच्या आधी हे वाचून घ्या

वेलावर एक दुधी पूर्ण पिकून वाळू दिला तरी त्यातून शेकड्याने बिया निघतात, आणि घरच्या बागेला लागतात त्यातल्या चार-पाच. टोमॅटोचं, मिरचीचं पण तेच. मग उरलेलं बी दुसऱ्या बागवाल्याला द्यायचं आणि त्याच्याकडचं आपल्याकडे नसलेलं काहीतरी मागून घ्यायचं, एवढी साधी गोष्ट आहे ही. तरी नवीन माणूस यात उतरला की पहिल्याच खेपेला हमखास अडकतो, कारण कुठलं बी द्यायचं, किती द्यायचं, कसं पाठवायचं, समोरच्याने दिलेलं खरं की नाही, हे कुणी नीट एका जागी सांगतच नाही. म्हणून मी जे वापरून बघितलंय आणि जे चालतंय ते इथे क्रमाने लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट लक्षात घ्या. बी हातावर घेऊन कितीही निरखलं तरी त्यातून काय येणार ते दिसत नाही. तिखट मिरची आणि ढोबळी मिरची यांच्या बिया शेजारी ठेवल्या तर मी पण ओळखू शकणार नाही. घेणारा ते पेरतो, पाणी घालतो, तीन-चार महिने वाट बघतो आणि मग त्याला कळतं काय आलंय ते. म्हणजे हा सगळा व्यवहार पुडीवर लिहिलेल्या दोन ओळींच्या भरवशावर चालतो. त्या दोन ओळी खऱ्या असाव्यात यासाठीच खालची बरीचशी मेहनत आहे.

काय काय लागेल

- कागदी पुड्या किंवा छोटी पाकिटं (साध्या कागदाची घरी घडी घालून केलेली पण चालतात)
- पेन्सिल. शाई ओल लागली की पसरते, उन्हात उडते, पेन्सिल टिकते
- पातळ जाळीच्या कापडाच्या छोट्या पिशव्या, दोरा, रंगीत लोकर
- बारीक चाळणी, काचेचे एक-दोन ग्लास, चिनी मातीची बशी
- घट्ट झाकणाची काचेची बरणी आणि सिलिका जेल (ओल शोषून घेणारे दाणे)
- टिश्यू पेपर किंवा किचन टॉवेल आणि झिपलॉक पिशवी (उगवण तपासायला)
- एक वही. मोबाईलमध्ये नोंद ठेवली तरी चालेल, पण ठेवा

१. कुठलं बी देण्यासारखं आहे ते आधी ठरवा

विकतच्या पाकिटावर 'एफ-१' किंवा 'संकरित' लिहिलेलं असेल तर त्या झाडाचं बी काढून देऊ नका. असं बी दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून तयार केलेलं असतं, त्याची पहिली पिढी एकसारखी आणि जोमदार येते, पण तिच्या फळातलं बी पेरलं की पुढच्या पिढीत प्रत्येक झाड वेगळं निघतं, एखादं बरं, एखादं अगदीच सुमार. बाजारातून आणलेल्या भाजीतून काढलेल्या बियांची पण हीच अडचण, ती संकरित होती की नव्हती ते आपल्याला माहीतच नसतं. स्वतःच्या बागेत लावून बघायला काही हरकत नाही, अदलाबदलीत मात्र घालू नका.

आता राहिलं सरळ वाण, ज्याला देशी, गावरान, पारंपरिक काहीही म्हणा. त्यात पण सगळ्या भाज्या सारख्या नसतात, आणि नवीन लोकांचा सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सोप्या भाज्या: टोमॅटो, फरसबी, वाटाणा, चवळी, मेथी, लेट्यूस. यांचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागकणांनी फळतं. शेजारी दुसरा वाण असला तरी बिघडण्याची शक्यता कमी. पहिल्यांदा अदलाबदल करत असाल तर यातलंच काहीतरी घ्या.

मधल्या भाज्या: मिरची, वांगं, भेंडी. ही स्वतःची स्वतः फळतात, पण मधमाश्या आणि इतर कीटक फुलावर येऊन दुसऱ्या झाडाचे परागकण आणतात. शेजारी-शेजारी तिखट आणि ढोबळी मिरची लावली असेल तर यंदाची ढोबळी खायला गोडच लागेल, फळ आईच्याच गुणाचं असतं ना, पण तिच्या पोटातलं बी मिश्र असू शकतं आणि ते पुढच्या हंगामात दिसतं, ते पण दुसऱ्याच्या बागेत! यावर उपाय सोपा आहे. कळ्या उमलायच्या आत त्या फांदीवर जाळीची पिशवी बांधा, फांदी दिवसातून एकदा हलकेच हलवा, फळ धरलं की पिशवी काढा आणि त्या देठाला लोकरीचा तुकडा बांधून ठेवा. बियांसाठी फक्त लोकर बांधलेली फळं घ्यायची. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा, नाहीतर लोकरीसकट भाजी होते.

अवघड भाज्या: दुधी, भोपळा, काकडी, दोडका या वेलभाज्यांना कीटक लागतात, मका, पालक, बीट, राजगिरा यांचे परागकण वाऱ्यावर उडतात, आणि मुळा, मोहरी, कोबी, फ्लॉवर यांचं काम कीटकांवर. इथे एकाच जातीचे दोन वाण जवळ असले की संकर होणार असंच धरून चाला. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, ब्रोकोली या दिसायला वेगळ्या असल्या तरी वनस्पतिशास्त्रात एकच जात आहे, एकमेकांत सहज मिसळतात. दोडका आणि घोसाळं यांचा पण संकर होऊ शकतो. पण दुधी आणि भोपळा यांचा होत नाही, काकडी आणि खरबूज यांचा होत नाही, त्यामुळे ते शेजारी असले तर घाबरायचं कारण नाही.

वेलभाज्यांचं शुद्ध बी हवं असेल तर हाताने परागीकरण करा. उद्या उमलणारं एक मादी फूल (खाली छोटं फळ असतं ते) आणि त्याच वाणाची दोन-तीन नर फुलं आदल्या दिवशी टोकाला दोऱ्याने बांधून ठेवा. काकडी आणि भोपळ्याची फुलं सकाळी उमलतात, दुधी आणि दोडक्याची संध्याकाळकडे, त्याप्रमाणे वेळ पाळायची. उमलायच्या वेळेला दोरा सोडून नर फुलाच्या पाकळ्या काढा, मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्यभागी फिरवा आणि मादी फूल परत बांधा. मग लोकर. हे सगळे फसत नाहीत पण सगळे जमतही नाहीत, फळ धरायच्या आधीच गळतं कधीकधी, म्हणून चार-पाच फुलांवर करून ठेवा.

मक्याच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नका. मोजक्या झाडांचं बी धरत राहिलं की दोन-तीन पिढ्यांत झाडं खुजी आणि दुबळी होत जातात, त्याला शंभरच्या वर झाडं हवीत, घरच्या बागेत ते जमत नाही. इतर भाज्यांचं पण शक्यतो एकाच झाडावर अवलंबून राहू नका, पाच-सहा निरोगी झाडांवरून थोडं थोडं घ्या.

⚠ कडू फळाचं बी कधीच नाही. दुधी, भोपळा, काकडी, दोडका या कुळात कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. आपल्या खाण्याच्या वाणांत ती नगण्य असतात, पण शोभेच्या किंवा रानटी प्रकाराशी संकर झाला की परत येतात, शिजवून जात नाहीत, आणि पोटात गेली तर उलट्या-जुलाब होऊन माणूस गंभीर आजारी पडू शकतो. बियांसाठी फळ राखलेल्या वेलाचंच दुसरं एखादं कोवळं फळ कापून बारीकसा तुकडा जिभेला लावा आणि थुंकून टाका. कडू लागलं तर त्या वेलाचं बी देऊ नका, स्वतः पण ठेवू नका. (कारल्याची गोष्ट अर्थातच वेगळी.) कुणाच्या जेवणाचा प्रश्न आहे, इथे 'बघू काय होतं' चालत नाही.

आणि रोगट झाडाचं बी पण नको. काही रोग बियांबरोबर प्रवास करतात, टोमॅटो आणि फरसबीवरचा मोझॅक त्यातलाच. पानांवर हिरवे-पिवळे चट्टे, पानं आकसलेली, झाड खुरटलेलं असेल तर फळ कितीही छान दिसू दे, त्याचं बी बाजूला.

२. फळ झाडावरच पूर्ण पिकू द्या

आपण ज्या अवस्थेत भाजी खातो त्या अवस्थेत बहुतेकांचं बी कच्चं असतं. काकडी पिवळी जर्द होऊन मऊ पडेपर्यंत, वांगं रंग जाऊन पिवळट-तपकिरी होईपर्यंत, भेंडी झाडावर वाळून कडक होईपर्यंत, दुधी हलवला की आत खुळखुळ वाजेपर्यंत ठेवायचा. शेंगा वाळून कागदासारख्या झाल्या पाहिजेत. टोमॅटो आणि मिरची पूर्ण रंग आल्यावर चालतात. बियांचं फळ वेलावर पिकत असताना नवीन फळं कमी धरतात, म्हणून त्यासाठी एक वेल वेगळा राखणं बरं. कांदा, गाजर, बीट, कोबी यांना फुलं साधारण दुसऱ्या वर्षी येतात, तेवढी जागा आणि धीर असेल तरच करा.

३. काढणं, धुणं, वाळवणं

टोमॅटोच्या बीभोवती बुळबुळीत आवरण असतं, त्यात उगवण थोपवणारी द्रव्यं असतात. गर आणि बी ग्लासात घेऊन थोडं पाणी घाला आणि सावलीत दोन-तीन दिवस आंबू द्या. वर पांढरट साय येते, वास पण येतो, ते बरोबरच आहे. मग भरपूर पाण्यात ढवळा, चांगलं बी तळाला बसतं, पोकळ बी आणि गर वर तरंगतो तो ओतून द्या. तीनपेक्षा जास्त दिवस ठेवू नका, ग्लासातच मोड यायला लागतात. काकडीला पण हीच पद्धत चालते. वांग्याचा गर पाण्यात कुस्करला की बी आपोआप खाली बसतं. मिरची, भेंडी, शेंगा यांना पाणी लावायचंच नाही, कोरडंच सोडवा. मिरची सोलताना हातमोजे घाला, आणि डोळ्याला हात लावू नका.

वाळवायला बशी किंवा ताट घ्या. टिश्यूवर वाळवलं तर बी चिकटून बसतं. सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवायचं, कडक उन्हात किंवा ओव्हनमध्ये अजिबात नाही, ३५ अंशांच्या वर तापलं की बीचा जीव जाऊ शकतो. वाळलं का ते असं बघा: दुधी-भोपळ्याचं बी वाकवल्यावर लवकत न राहता कटकन मोडलं पाहिजे, घेवड्याच्या दाण्यावर नख उमटता कामा नये.

वरवर वाळलेलं दिसतं पण आत ओल असते, आणि पाठवलेल्या बियांना बुरशी लागते ती या ओलीनेच. म्हणून नंतर बी कागदी पुडीत घालून, त्याच्याच वजनाइतकं सिलिका जेल घेऊन, दोन्ही बरणीत आठवडाभर बंद ठेवतो मी. हॅरिंग्टन या बियांच्या अभ्यासकाचा एक जुना ठोकताळा आहे, बियांमधला ओलावा १ टक्क्याने कमी केला की त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान ५ अंशांनी खाली आणलं तरी तेवढाच फायदा. त्यामुळे हा आठवडा वाया जात नाही.

चवळी, वाटाणा, घेवडा यांत भुंगे होतात. त्यांची अंडी बऱ्याचदा शेंग झाडावर असतानाच घातलेली असतात, तेव्हा वरून दाणा स्वच्छ दिसला म्हणून फसू नका. दाणे पूर्ण वाळवून हवाबंद डब्यात आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. ओलं बी फ्रीझरमध्ये मरतं, म्हणून 'पूर्ण वाळवून' हे महत्त्वाचं. बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला आला की मग उघडा, नाहीतर गार दाण्यांवर दव धरतं.

४. द्यायच्या आधी उगवण तपासा

हे बरेच लोक करत नाहीत, आणि मला वाटतं की सगळ्यात जास्त निराशा यामुळेच होते. १० बिया मोजून ओल्या टिश्यूत गुंडाळा, झिपलॉकमध्ये ठेवा, पिशवी उबदार जागी. टिश्यू ओलसर हवा, थबथबलेला नको. मुळा तीन-चार दिवसांत मोड दाखवतो, मिरची आणि वांग्याला दोन-तीन आठवडे पण लागतात, घाईने निकाल देऊ नका. वांग्याचं अगदी ताजं बी काही आठवडे झोपलेलं असू शकतं, थोडं थांबून परत तपासा. १० पैकी ८ आल्या तर ८० टक्के. निम्म्याहून कमी आल्या तर ते बी देऊ नका, आणि दुर्मीळ वाण म्हणून द्यायचंच असेल तर तसं स्पष्ट सांगून जास्त बिया द्या.

जुनं बी असेल तर अंदाज असा: कांद्याचं बी वर्षभरच भरवशाचं, भेंडी दोनेक वर्षं, मिरची दोन-तीन, घेवडा तीन, टोमॅटो आणि वांगं चार, काकडी पाच. नीट वाळवून गार ठेवलं तर याहून जास्त पण टिकतं.

५. पुडीवर लिहा, आणि खरं लिहा

मला आलेल्या एका पुडीवर नुसतं 'मिरची' लिहिलेलं होतं. कसली मिरची, कधीची, काही नाही. देणाऱ्याने मनापासूनच दिलं होतं पण मी ते लावू शकलो नाही, कारण माझ्याकडे दोनच कुंड्या मोकळ्या होत्या. एवढं तरी लिहाच:

- भाजी आणि वाणाचं नाव. नाव माहीत नसेल तर वर्णन: 'लांब, फिकट हिरवी, मध्यम तिखट'. मनाने नवीन नाव ठेवू नका, दुसऱ्या हातात गेलं की ते खरंच आहे असं सगळे धरतात
- बी काढल्याचा महिना आणि वर्ष
- परागीकरण: पिशवी बांधून, हाताने की मोकळं. जवळ दुसरा वाण होता का
- वेल की झुडूप, उंची किती, मांडव लागतो का
- उगवण किती टक्के, कधी तपासली
- बी तुमच्याकडे कुठून आलं

'मोकळं परागीकरण, शेजारी दुसरा भोपळा होता' असं लिहिलेली पुडी मी आनंदाने घेतो. काय होऊ शकतं ते माहीत असतं, त्या हिशोबाने एखादा वेल लावता येतो. लाज वाटून हे लपवू नका. आणि कंपनीचं गुलाबी, निळं किंवा हिरवं रंगवलेलं बी वाटून देत असाल तर त्यावर औषध लावलेलं आहे हे पुडीवर मोठ्या अक्षरात लिहा, लहान मुलं हाताळतात.

६. यादी करा आणि बोलणं आधी मोकळं करून घ्या

दोन याद्या: माझ्याकडे काय आहे, मला काय हवंय. दुसरी यादी छोटी ठेवा. नवीन माणूस दिसेल ते मागतो आणि हंगाम संपेपर्यंत निम्म्या पुड्या तशाच पडून राहतात.

किती बिया द्यायच्या याचा माझा हिशोब: टोमॅटो, मिरची, वांगं १५ ते २०, घेवडा-चवळी २० ते २५, वेलभाज्या ६ ते ८, पालेभाज्या एक-दोन छोटे चमचे. बीला बी असा काटेकोर हिशोब कुणी करत नाही, पुडीला पुडी धरतात. देण्यासारखं काहीच नसेल तरी विचारायला संकोच करू नका, अनेक जण नवख्यांना असंच देतात, फक्त पोस्टाचा खर्च उचलायची तयारी दाखवा किंवा आपला पत्ता लिहून तिकीट लावलेलं रिकामं पाकीट पाठवा.

पाठवायचं कोणी आधी, कधीपर्यंत, कशाच्या बदल्यात काय, हे सगळं लिहून ठरवा. पत्ता चारचौघांत टाकू नका, ज्याला द्यायचाय त्याला एकट्यालाच. आणि अनोळखी माणसाबरोबर पहिली अदलाबदल छोटीच करा, दोन-तीन पुड्यांची. घरातलं सगळंच्या सगळं बी कधीही देऊन टाकू नका, थोडं मागे ठेवा, पाकीट हरवतं, पेरलेलं वाया जातं.

७. पाठवणं

पोस्टात पाकिटं यंत्राच्या रुळांतून जाऊ शकतात आणि घेवड्याचा, वाटाण्याचा दाणा त्यात चिरडून निघतो. पुठ्ठ्याच्या तुकड्याला मध्ये खिडकी कापा, पुडी त्यात बसवा, दोन्ही बाजूंनी कागद लावा. नाहीतर बबल रॅप. मोठ्या दाण्यांना छोटा खोका सरळ बरा पडतो. बारीक बी असेल तर पुडीचे कोपरे टेपने बंद करा, पालेभाज्यांचं बी कोपऱ्यातून सांडून सगळं एकत्र होतं आणि मग ते निवडणं अशक्य. प्लॅस्टिकच्या पिशवीत फक्त पूर्ण वाळलेलं बी घाला. आत एका चिठ्ठीवर सगळ्या पुड्यांची यादी ठेवा.

⚠ देशाबाहेर साध्या पाकिटातून बी पाठवू नका, मागवू नका. बियांबरोबर रोग, किडी आणि तण दुसऱ्या देशात जाऊ नयेत म्हणून बहुतेक देश फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट म्हणजे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र मागतात, काही ठिकाणी आयात परवाना पण लागतो. २०२० साली अनेक देशांत लोकांना न मागवलेली बियांची पाकिटं टपालाने आली होती आणि कृषी खात्यांना सांगावं लागलं होतं की ही पेरू नका, आमच्याकडे द्या. काही देशांत एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात बी न्यायला पण बंधनं असतात, कृषी खात्याकडे एकदा विचारून घ्या. वाणाच्या पाकिटावर पुनरुत्पादनाबद्दल काही अट छापलेली असेल तर ती पण वाचा.

८. बी हातात आल्यावर

आलं की लगेच कळवा, पाठवणारा वाट बघत असतो. पुड्या उघडून बघा: भुंग्याची भोकं, बुरशी, ओल. भुंगे दिसले तर ती पुडी तुमच्या बाकीच्या बियांच्या डब्याजवळ सुद्धा नेऊ नका.

सगळं बी एकदम पेरू नका, अर्धं ठेवा. रोपं आली की पहिले काही आठवडे ती जुन्या रोपांपासून जरा लांब ठेवा, पानांवर चट्टे दिसले तर उपटून टाका. पहिल्या वर्षी शक्यतो बी धरायची घाई नको, आधी वाण सांगितल्यासारखाच आहे का ते बघा, रंग, आकार, चव, आणि वेलभाजी असेल तर कडूपणा. पुडी फेकू नका, वहीत चिकटवा.

मग देणाऱ्याला सांगा काय झालं ते. किती उगवल्या, फळ कसं आलं, आणि जर वेगळंच काहीतरी आलं असेल तर ते पण, सौम्यपणे, फोटोसकट. त्याच्याकडचं उरलेलं बी पण तसंच मिश्र असणार आणि तो ते अजून चार जणांना देत असेल, त्यामुळे त्याला कळणं गरजेचं आहे. वाण चांगला निघाला तर पुढच्या हंगामात तुमच्याकडे धरलेल्या बियांची एक पुडी त्याला परत पाठवा. त्याच्या बागेत तोपर्यंत तो वाण काही कारणाने गेलेला असू शकतो.